जुन्या हॉरर गेमचे रीमेक: भीती नेमकी कुठे गळते?

चकवा (धागाकर्ता)

कॅपकॉम कंपनीने जानेवारी २०१९ मध्ये आपल्या झॉम्बीवाल्या हॉरर मालिकेतल्या 'रेसिडेंट इव्हिल २' चा रीमेक काढला तेव्हा जुने-नवे सगळेच खूश होते. सव्वा वर्षात, ३ एप्रिल २०२० ला, तिसऱ्या भागाचा रीमेक आला. तेच इंजिन, तोच खांद्यामागचा कॅमेरा, तेच झॉम्बींनी भरलेलं रॅकून सिटी शहर, आणि दिसायला काकणभर सरसच. तरी आजही त्याचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात.

सगळ्यांची पहिली तक्रार लांबीची असते. पाच-सहा तासांत खेळ खल्लास. क्लॉक टॉवर बाहेरूनच बघायचा, आत पाऊल टाकायचं नाही. बाग गेली, दफनभूमी गेली, जमिनीखालचा तो अजस्र किडा गेला, मर्सिनरीज मोड (कथेबाहेरचा जादा खेळ) गेला. तक्रार खरीच आहे. पण मूळ गेमही काही महाभारताएवढा नव्हता, आणि छोटा गेम भीतिदायक असू नये असा कुठे नियम आहे? माझं दुखणं वेगळं आहे. माझं दुखणं नेमेसिस आहे, तिसऱ्या भागात आपला पाठलाग करणारा तो राक्षस.

१९९९ मध्ये ही मालिका खेळणाऱ्यांना एक गोष्ट पक्की पाठ झाली होती: दार ओलांडलं की सुटलो. झॉम्बी दारापलीकडे येत नाही. त्या एका भरवशावर आम्ही पहिले दोन भाग काढले होते. तिसऱ्यात नेमेसिस आला आणि दार ढकलून मागोमाग पुढच्या खोलीत शिरला. रॉकेट लाँचर वगैरे नंतरचं; तो दारातून आला, इथेच अर्धी लढाई हरलो होतो. बरं, तो नेमका कधी टपकेल याचीही खात्री नाही. काही वस्तू आणि कोड्यांची उत्तरं खेळागणिक बदलायची, त्यामुळे मित्राने सांगितलेलं आपल्या कामी येईलच असं नाही. मध्येच स्क्रीन पांढरी पडून दोन पर्याय समोर यायचे आणि ते वाचेपर्यंत वेळ संपत आलेली असायची. शिवाय एक आमिष: पळून न जाता त्याला लोळवलंत तर नव्या बंदुकीचे भाग मिळतील. म्हणजे हातात मोजक्या गोळ्या, समोर तो, आणि डोक्यात लोभ.

रीमेकमध्ये यातलं काय उरलं? सुरुवातीच्या बाजारपेठेत थोडा वेळ तो मोकळा फिरतो, तेवढं झकास जमलंय. त्यानंतर तो ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, ठरलेली भिंत फोडून येतो. कधी फ्लेमथ्रोअर, कधी रॉकेट लाँचर, आणि मग रीतसर बॉसची लढाई. दोनदा खेळलात की वेळापत्रक तोंडपाठ.

गंमत बघा. मूळ दुसऱ्या भागात मिस्टर एक्स हा पाठलाग करणारा दैत्य फक्त बी सिनॅरिओत (दुसऱ्या पात्राने पुन्हा खेळताना) यायचा, तोही ठरावीक ठिकाणी. २०१९ च्या रीमेकमध्ये त्याला अख्ख्या पोलीस ठाण्यात मोकळा सोडला. वरच्या मजल्यावरून त्याच्या बुटांचा आवाज आला की आपण हातातलं कोडं टाकून ऐकत बसायचो. म्हणजे पाठलाग कसा करवायचा हे या मंडळींना उत्तम येत होतं. आणि पुढच्याच वर्षी, ज्याची सारी कीर्ती पाठलागावर उभी आहे, त्यालाच दावणीला बांधलं!

म्हणून माझं म्हणणं असं की भीती चित्रात कमी आणि नियमात जास्त असते. गेम तुम्हाला काय करू देतो, काय करू देत नाही, आणि दिलेला शब्द कधी मोडतो, यात ती असते. रीमेकवाले चित्रं जपून उचलतात आणि नियम जुनाट म्हणून टाकून देतात.

उलट उदाहरण म्हणजे मूळ गेमचेच दिग्दर्शक शिंजी मिकामींनी २००२ मध्ये गेमक्यूब या कन्सोलसाठी केलेला पहिल्या भागाचा रीमेक. १९९६ च्या मूळ गेममध्ये एका बोळातून जाताना कुत्री खिडकी फोडून अंगावर येतात. हे ज्याने खेळलंय तो त्या बोळात जीव मुठीत धरूनच शिरणार. रीमेकमध्ये तुम्ही पहिल्यांदा जाता तेव्हा काचेला नुसता तडा जातो. बस्स. सुटलो म्हणून तुम्ही निर्धास्त होता आणि नंतर कधीतरी परत त्याच बोळातून जाताना कुत्री येतात. दुसरं म्हणजे मारलेले झॉम्बी. जुन्या गेममध्ये मेला तो मेला. इथे मुडदा जाळला नाहीत किंवा डोकं उडवलं नाहीत, तर काही वेळाने तो लाल होऊन उठतो आणि पळत येतो. रॉकेल मोजकं. मग कुठला मुडदा जाळायचा आणि कुठला नशिबावर सोडायचा याचा हिशेब मांडत वाड्यात फिरायचं. याला म्हणतात रीमेक.

तुमचे अनुभव लिहा. कुठला रीमेक पावला, कुठला बाधला?

पाणबुडी

+१. नेमेसिसबद्दल तर +१०१.

माझ्याकडून 'सायलेंट हिल एचडी कलेक्शन', २०१२. धुक्यात बुडालेल्या सायलेंट हिल गावावरच्या कोनामी कंपनीच्या हॉरर मालिकेतले दोन जुने गेम त्यात होते. तांत्रिकदृष्ट्या तो रीमास्टर (जुनाच गेम घासून-पुसून), रीमेक नव्हे, पण बाधण्याच्या बाबतीत त्याचा हात कोणी धरणार नाही. कोनामीकडे दुसऱ्या-तिसऱ्या भागाचा अंतिम सोर्स कोडच जपून ठेवलेला नव्हता. ज्या स्टुडिओला काम दिलं त्याच्या हाती अर्धवट अवस्थेतला कोड पडला, आणि मूळ टीमने शेवटी शेवटी दुरुस्त केलेले दोष त्यांना पुन्हा निस्तरावे लागले.

आता धुकं. पहिल्या भागात, प्लेस्टेशन १ वर, लांबचं चित्र काढायची यंत्राची ताकद नव्हती, म्हणून धुक्याने झाकलं. दुसऱ्या भागापर्यंत तेच धुकं गावाचा स्वभाव होऊन बसलं होतं. एचडीमध्ये ते विरळ झालं, तुटक झालं. होडीतून तळं ओलांडायच्या प्रसंगात तर पाणी कुठे संपतं ती कडाच दिसते! मूळ गेममधल्या एका कळकट पाटीवरची अक्षरं कॉमिक सान्समध्ये आली, त्यावर अजून मीम निघतात. आवाजही नव्याने रेकॉर्ड केलेले. दुसऱ्या भागात जुने आवाज निवडायची सोय तरी ठेवली होती, तिसऱ्यात तीही नाही.

शेवटी पीसीच्या जुन्या आवृत्तीवर चाहत्यांनीच एन्हान्स्ड एडिशन नावाचा मॉड (चाहत्यांनी केलेला बदल) केला. फुकट. ज्यांना एका पैशाची प्राप्ती नाही, त्यांनी धुकं जागेवर आणून ठेवलं.

हिशेबी_मावळा

धागा चांगला आहे, पण 'जुनं ते सोनं' या रोगावर औषध नाही.

चकवा, तुम्ही मूळ तिसरा भाग शेवटचा कधी खेळलात? मी मागच्या दिवाळीच्या सुट्टीत खेळलो. नायिका जिलला वळवायचं म्हणजे ट्रक रिव्हर्समध्ये घालण्यासारखं. कॅमेरा बदलला की आपण कुठे तोंड करून उभे आहोत तेच कळत नाही. नेमेसिसची एवढी भीती वाटायची, त्यात निम्मा वाटा कंट्रोलचा होता. आणि तो गेम मुळात उपकथा म्हणून सुरू झाला आणि पुढे त्याला तीन नंबर मिळाला. पोलीस ठाणं दुसऱ्या भागातून उचललेलं. तेव्हा कोणी 'कापाकापी' म्हणून ओरडलं नाही.

रीमेकमध्ये जिलचा साथीदार कार्लोस माणसासारखा वागतो-बोलतो. मूळ गेममध्ये तो नुसता केस उडवत फिरायचा. इस्पितळात चहूबाजूंनी झॉम्बी येतात तो प्रसंग मूळ गेममधल्या कुठल्याही प्रसंगाच्या तोडीचा आहे. जिलसुद्धा इथे खरी वाटते: चिडते, शिव्या देते, थकते.

आणि 'मूळ' म्हणजे तरी कुठला? आपल्यातल्या बऱ्याच जणांनी हे गेम ओरिजिनल डिस्कवर बघितलेलेच नाहीत. हॉस्टेलवर फिरणारी सीडी, त्यात जागा वाचवायला व्हिडिओ काढून टाकलेले. 'रेसिडेंट इव्हिल ४' चा २००७ चा पीसी पोर्ट आठवा, नेम धरायला माऊस चालत नव्हता. त्याच्याही नावाने लोक आता उसासे टाकतात.

बोका_ए_आझम_नव्हे

व्हिडिओ काढलेली सीडी!! खिक्क. मला कित्येक वर्षं वाटायचं की तो गेम मुद्दामच गूढ ठेवलाय.

अवांतर: लोडशेडिंगच्या काळात टाइपरायटरपर्यंत (या गेममध्ये खेळ सेव्ह करायची जागा, त्याला इंक रिबन लागते) पोचायच्या आत वीज जायची. इंक रिबन शिल्लक, जीव शिल्लक, पण महावितरणची कृपा. ती दहशत कुठला रीमेक आणणार?

चकवा (धागाकर्ता)

@हिशेबी_मावळा, कार्लोसबद्दल वाद नाहीच. इस्पितळाबद्दलही नाही. पण तुमचाच मुद्दा पुढे नेतो. वळायला वेळ लागतो म्हणून भीती वाटायची असं तुम्ही म्हणता. मग ती जड हालचाल काढल्यावर तिच्या जागी दुसरं काहीतरी ठेवायला नको का? दुसऱ्या भागाच्या रीमेकने ठेवलं. त्यातला नायक लिऑन चटकन वळतो, नेम धरतो, पण झॉम्बीला डोक्यात गोळ्या घातल्या तरी तो खात्रीने मरत नाही. पडतो, पुन्हा उठतो. नेम सोपा केला आणि गोळीचा भरवसा काढून घेतला. तिसऱ्यात वरून वेळेवर चुकवायची कळ दिली, ती जमली की जग संथ होतं आणि आपण आरामात नेम धरतो. घेतलं काहीच नाही, दिलं मात्र भरपूर.

काळी_मांजर

वाचनमात्र असते, पण इथे राहवलं नाही. मी पुण्यात गेम आर्टच्या आउटसोर्सिंगमध्ये आहे. (कुठल्या गेमवर ते विचारू नका, एनडीए म्हणजे गुप्ततेचा करार आहे.)

क्लॉक टॉवर का कापतात ते आमच्या बाजूने सांगते. १९९९ मधली खोली म्हणजे आधी रेंडर करून ठेवलेली दोन-चार स्थिर चित्रं. कॅमेरा हलत नाही, म्हणून जे दिसतं तेवढंच सजवायचं. नाटकाच्या सेटसारखं: समोरून चौसोपी वाडा, मागे बांबू आणि तरट. खांद्यामागचा कॅमेरा आला की प्रेक्षक स्टेजवर चढला. आता छत लागतं, कपाटामागची भिंत लागते, टॉर्च कुठूनही मारला तरी सावली बरोबर पडावी लागते, टेबलावरचा कागद जवळून वाचता यावा लागतो. तेव्हाची डझनभर चित्रं आता एका टीमचं काही महिन्यांचं काम होतं. वेळ कमी पडला की नवीन जागा सगळ्यात आधी उडते, कारण कथा फिरवून ती झाकता येते.

नेमेसिसचंही तसंच असावं, हा माझा अंदाज. मिस्टर एक्स एका इमारतीत फिरतो. दारं, बोळ, जिने ठरलेले. नेमेसिसला रस्त्यावर सोडायचं म्हणजे उलटलेल्या गाड्या, जाळ्या, अरुंद जिने, छपरं. तो कुठेतरी अडकून जागच्या जागी पाय मारत बसला की भीतीचा पचका. टेस्टिंगवाले रडकुंडीला येतात. त्यापेक्षा भिंत फोडून आणलेला बरा, दरवेळी देखणा दिसतो, आणि ट्रेलरमध्येही घालता येतो. हे शेवटचं कारण मीटिंगमध्ये कोणी उघड बोलत नाही, पण असतं.

शिवाय त्या गेमबरोबर 'रेझिस्टन्स' नावाचा मल्टिप्लेअर एकाच डब्यात विकला. मागितला होता कोणी?

हिशेबी_मावळा

@काळी_मांजर, उत्तम प्रतिसाद. हेच म्हणतोय मी. करणाऱ्यांची बाजू कोणी बघत नाही.

काळी_मांजर

बाजू सांगितली, माफी नाही दिली. पूर्ण किमतीला विकताना डब्यावर 'वेळ पुरला नाही' असं लिहीत नाहीत.

देवचार

पणजीहून हजेरी.

कोणी 'अंटिल डॉन' काढला नाही अजून? आपल्या निवडींवर पात्रांचं जगणं-मरणं ठरतं तो गेम. मूळ २०१५ चा, रीमेक ऑक्टोबर २०२४ चा. नऊ वर्षांत रीमेक कशाला, हा प्रश्न सोडून देऊ. मूळ गेममध्ये कॅमेरा बऱ्याच ठिकाणी बांधलेला होता: झाडाआडून, छताच्या कोपऱ्यातून. आपल्याकडे कोणीतरी बघतंय असं वाटत राहायचं. कथेतही कोणीतरी बघतच असतं, म्हणजे कॅमेरा कथेचंच काम करत होता. रीमेकमध्ये तो खांद्यामागे आणला, का, तर हल्ली सगळे आणतात. रात्रीचा निळा गारठा जाऊन रंग उबदार झाले. बर्फाच्या डोंगरावर ऊब! सुरुवातीचं 'ओ डेथ' गाणं काढलं, पार्श्वसंगीत बदललं. वर सुरुवातीला बग इतके की दचकायला होत होतं ते फ्रेम अडकल्यामुळे.

चकवांचा नियमांचा मुद्दा मला अर्धाच पटतो. इथे नियम जवळपास तेच आहेत. निवडी त्याच, मरणं तीच. बदललं ते चित्र आणि आवाज, आणि तरी गेम पडला. तेव्हा चित्राला एवढं कमी लेखू नका.

पाणबुडी

देवचार यांच्याशी सहमत. आवाजावर तर वेगळा धागा निघेल. 'हाउस ऑफ द डेड' चा २०२२ चा रीमेक घ्या. मॉलमधल्या गेम पार्लरमध्ये प्लॅस्टिकची बंदूक धरून खेळलेल्यांना ते संगीत अजून आठवत असेल. रीमेकमध्ये ते मूळ संगीतच नाही.

साळुंकी

'अलोन इन द डार्क' (२०२४) वर कोणीच कसं बोललं नाही? १९९२ चा मूळ गेम म्हणजे या सगळ्यांचा आजोबा. नव्यात दोन मोठे नट घेतले, डर्सेटो वाडा सुंदर उभा केला, वातावरण खरंच चांगलं आहे. पण बंदूक हातात आली की सगळं ओम फस्. दोन पात्रांचे दोन वेगळे खेळ म्हणून सांगितलं, प्रत्यक्षात बराचसा भाग तोच. मार्चमध्ये गेम आला, जूनमध्ये स्टुडिओ बंद. वाईट वाटलं, कारण यांना भीतीची जाण होती, मारामारीची नव्हती. मग मारामारी घातलीच कशाला?

खविस

सगळे रडगाणं गातायत म्हणून विचारतो: 'सायलेंट हिल २' चा २०२४ चा रीमेक कोणाला आवडला नाही? ब्लूबर टीम या स्टुडिओने करायला घेतला तेव्हा आपणच सगळे आधीच सुतक पाळून बसलो होतो. जानेवारी २०२४ मधला मारामारीचा ट्रेलर बघून लोक काय काय बोलले होते. ऑक्टोबरमध्ये गेम आला आणि बोलती बंद. यामाओका संगीताला, इतो राक्षसांना, म्हणजे मूळ माणसं सोबत होती. आणि कॅमेरा खांद्यामागेच आहे बरं का.

चकवा (धागाकर्ता)

@खविस, मला आवडला, आणि तरीही दोन-तीन गोष्टी खटकतात. मूळ गेम सात-आठ तासांचा, हा त्याच्या जवळपास दुप्पट. इस्पितळ, तुरुंग, भूलभुलैया सगळं ताणलंय. टेबलाआड, दाराआड दबा धरून बसलेल्या मॅनेकिन (पुतळ्यासारखे राक्षस) पहिल्यांदा दचकवतात, पण अमुक वेळेनंतर प्रत्येक कोपऱ्यात एक असणार हे कळतं आणि आपण आधीच पाइप उगारून शिरतो. मूळ गेममध्ये कित्येक खोल्या रिकाम्या होत्या. राक्षस जवळ आला की खरखरणारा रेडिओ गप्प, समोर कोणी नाही, आणि तरी बाहेर पडायची घाई. रिकामी खोली ठेवायला धाडस लागतं. पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकाला 'इथे काहीच नाही' असं दाखवायला आजच्या मोठ्या गेमना जड जातं.

@देवचार, चित्राला कमी लेखत नाही. पण तुमचंच उदाहरण बघा: लपून बघणारा कॅमेरा हा मी नियमातच धरतो. खेळाडूला काय दिसू द्यायचं आणि काय नाही, याचाच तो नियम. रंग आणि गाण्याबद्दल मात्र तुमचं बरोबर.

देवचार

म्हणजे जे जे पटेल ते ते नियमात. सोयीचं आहे.

खविस

देवचार :ड

चकवा, रिकाम्या खोलीचं म्हणणं रास्त. पण मग 'डेड स्पेस' (२०२३) चं काय? त्यांनी गाळलं जवळजवळ काहीच नाही, उलट भर घातली. मुका नायक आयझॅक बोलायला लागला, अख्खं इशिमुरा अवकाशयान एका सलग जहाजासारखं फिरता येऊ लागलं. आणि ते फ्यूज बॉक्स! वीज एकाच गोष्टीला पुरते, म्हणून काही ठिकाणी दिवे ठेवायचे की ऑक्सिजन, ते आपणच ठरवायचं. आपल्या हाताने अंधार करून त्यात शिरायचं.

चकवा (धागाकर्ता)

अगदी हेच. २००८ च्या गेममध्ये हे नव्हतं, तरी ते त्याच गेमचं वाटतं. मुळात काय नव्हतं ते न बघता, मुळाच्या स्वभावात काय बसेल ते बघितलं त्यांनी.

नवखी_पावलं

इथे नवीन आहे. मला यातलं जुनं काहीच खेळता आलं नाही, 'रेसिडेंट इव्हिल ४' चा २०२३ चा रीमेक हाच माझा पहिला हॉरर गेम, आणि मला तो प्रचंड आवडला. मूळ न खेळता मी काही गमावलं का? आणि पुढे काय खेळू? लॅपटॉप साधाच आहे.

साळुंकी

स्वागत! चौथ्यात फारसं गमावलं नाही. मूळ गेम जरा जास्त वात्रट होता, आणि मूळमधला एक बॉस आधी गाळला होता तो नंतर 'सेपरेट वेज' या जोडभागात आला. साध्या लॅपटॉपवर पहिल्या भागाच्या रीमेकची २०१५ ची एचडी आवृत्ती आरामात चालेल. कंट्रोल नवे निवडता येतात. मुडदे जाळायला विसरू नकोस.

हिशेबी_मावळा

आणि तिसऱ्याचा रीमेकही खेळ ग. सेलमध्ये स्वस्त मिळतो. मूळ न खेळलेल्यांना तो आवडतो असं माझं निरीक्षण आहे. चकवा, रागावू नका.

चकवा (धागाकर्ता)

रागावत नाही. सेलमध्ये घे, पूर्ण किमतीला नको.

पाणबुडी

जून २०२५ मध्ये कोनामीने पहिल्या 'सायलेंट हिल' चाही रीमेक जाहीर केला, तोही ब्लूबरकडेच. माझी त्यांच्याकडून एकच मागणी आहे. सुरुवातीला नायक हॅरी आपल्या मुलीच्या मागे गल्लीत शिरतो, तिथे १९९९ मध्ये कॅमेरा वर चढायचा, तिरका व्हायचा, कधी पुढे जाऊन आपल्याचकडे बघायचा, आणि पुढे काय आहे ते दिसायचंच नाही. ती गल्ली कशी करतात ते आधी बघणार. तिथे कॅमेरा खांद्यामागेच राहिला, तर मी सेलची वाट बघेन.

खविस

खांद्यामागे ठेवूनही जमवतील. पैज?

पाणबुडी

मस्तानीची. हरलास तर दोन.